विद्यापीठीय महाविद्यालय आणि अध्ययनाची भाषा : उस्मानियाचा अनुभव

भारतातील उच्च शिक्षणात 'महाविद्यालय' हा एकच शब्द दोन भिन्न प्रकारच्या संस्थांना लावला जातो. १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या तत्कालीन नमुन्यावर बेतलेली होती. अभ्यासक्रम ठरविणे, परीक्षा घेणे आणि पदव्या देणे एवढेच त्यांचे मुख्य कार्य होते. प्रत्यक्ष अध्यापन त्यांच्याशी संलग्न असलेल्या महाविद्यालयांत चाले. शिकविणारा एक आणि परीक्षा घेणारा दुसरा, अशी ही विभागणी होती. विद्यापीठीय महाविद्यालयाचा प्रकार याहून वेगळा आहे. ते विद्यापीठाचेच एक अंग असते. तेथे जे शिकवितात तेच अभ्यासक्रम आखतात, ग्रंथ लिहितात, संशोधन करतात आणि विद्यार्थ्यांची परीक्षाही घेतात. त्यामुळे काय शिकवावे याबरोबरच ते कोणत्या भाषेतून शिकवावे, हा प्रश्नही अशा महाविद्यालयास स्वतः हाताळता येतो.

हा दुसरा प्रश्न सर्वच विद्याशाखांना सारख्याच तीव्रतेने भेडसावत नाही. प्राणवायूला कोणत्याही नावाने संबोधिले तरी त्याच्या गुणधर्मांत फरक पडत नाही. परंतु 'कुटुंब', 'ऋण', 'खंड', 'वेठ' किंवा 'मान' या गोष्टी केवळ निसर्गात आढळणाऱ्या वस्तू नव्हेत. त्या माणसांनी आपापल्या भाषेत घडविलेल्या आहेत आणि त्या भाषेबाहेर काढताच त्यांचा काही अंश गळून पडतो. म्हणून मानव्यविद्या, शिक्षणशास्त्र, वाणिज्य आणि सामाजिक शास्त्रे यांच्या अध्ययनात भाषा हा केवळ माध्यमाचा प्रश्न राहत नाही. तो विषयाच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो. या प्रश्नाचा मोठ्या प्रमाणावर झालेला एक भारतीय प्रयोग म्हणजे हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ होय. त्या प्रयोगाचे यश व अपयश या दोहोंचा विचार आजच्या विद्यार्थ्यास उपयुक्त ठरण्यासारखा आहे.

स्थापना

विसाव्या शतकाच्या प्रारंभी हैदराबाद संस्थानात उच्च शिक्षणाची सोय मर्यादित होती. १८८७ साली स्थापन झालेले निजाम महाविद्यालय मद्रास विद्यापीठाशी संलग्न होते आणि तेथील अध्यापन इंग्रजीतून होत असे. १९१७ साली अकबर हैदरी यांनी निजाम मीर उस्मान अली खान यांस एक निवेदन सादर केले. परकीय भाषेच्या ओझ्याखाली विद्यार्थ्याची बुद्धी दबून जाते व ज्ञान समाजात झिरपत नाही, हे त्यातील प्रतिपादनाचे सार होते. उर्दू हे माध्यम असलेले आणि इंग्रजी ही आवश्यक भाषा म्हणून शिकविणारे विद्यापीठ स्थापन करण्यास त्याच वर्षी मान्यता मिळाली. १९१८ मध्ये विद्यापीठाची सनद निघाली आणि २८ ऑगस्ट १९१९ रोजी निजाम महाविद्यालयाजवळच्या एका इमारतीत पहिले वर्ग सुरू झाले. कला व धर्मशास्त्र या शाखांपासून आरंभ झाला. पहिल्या तुकडीत २२५ विद्यार्थी आणि २५ अध्यापक होते.

मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याची कल्पना त्या काळी अगदीच एकाकी होती असे नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली पुण्यास महिला विद्यापीठ सुरू केले, तेव्हा त्यांनीही देशी भाषांना माध्यमाचे स्थान दिले होते. तथापि कर्व्यांचा प्रयत्न लोकाश्रयावर उभा होता. उस्मानियाच्या पाठीशी एका मोठ्या संस्थानाचा खजिना होता. त्यामुळे केवळ कला शाखाच नव्हे, तर पुढे विज्ञान, वैद्यक व अभियांत्रिकी या शाखाही देशी भाषेतून चालविण्याचे धाडस तेथे करता आले. रवींद्रनाथ टागोरांसारख्या विचारवंतांनी या उपक्रमाचे स्वागत केले ते याच कारणाने.

विद्यापीठाच्या कायम जागेच्या निवडीसाठी नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचा सल्ला घेण्यात आला. बेल्जियन वास्तुशिल्पी अर्नेस्ट जॅस्पर यांच्या आराखड्यानुसार अडिकमेट भागात कला महाविद्यालयाची गुलाबी ग्रॅनाइटची भव्य इमारत उभी राहिली. तिची कोनशिला १९३४ साली बसविण्यात आली आणि उद्घाटन १९३९ साली झाले. मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रे यांच्या विद्यापीठीय महाविद्यालयाचे हे घर आज संपूर्ण विद्यापीठाचीच ओळख बनलेले आहे.

परिभाषेची घडण

माध्यम बदलण्याचा निर्णय एका फर्मानाने होऊ शकतो. परंतु त्या माध्यमातून शिकविण्यासाठी ग्रंथ लागतात आणि ग्रंथांसाठी परिभाषा लागते. याची जाणीव असल्यामुळे वर्ग सुरू होण्यापूर्वीच, १९१७ मध्ये, भाषांतर विभागाची स्थापना करण्यात आली. 'दारुत्तर्जुमा' या नावाने तो प्रसिद्ध झाला. त्याची धुरा प्रथम मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. पुढे ते औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) उस्मानिया महाविद्यालयाचे प्राचार्यही झाले. जोश मलीहाबादी यांच्यासारख्या कवीनेही काही काळ या विभागात काम केले. इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, विधी, विज्ञान, वैद्यक अशा विषयांवरील शेकडो ग्रंथ येथून भाषांतरित झाले.

परिभाषा निश्चित करताना विषयाचे जाणकार आणि भाषेचे जाणकार एकत्र बसत. यामागील विचार साधा, परंतु महत्त्वाचा होता. केवळ विषयतज्ज्ञाने शब्द घडविला तर तो भाषेत रुजत नाही. केवळ भाषापंडिताने घडविला तर तो विषयात नेमका बसत नाही. याच वेळी एक मूलभूत वादही उपस्थित झाला. नवे शब्द अरबीच्या धातूंपासून घडवावेत, की उर्दूची घडण मुळात भारतीय असल्यामुळे देशी प्रत्ययांचा व शब्दांचा मोकळेपणाने उपयोग करावा? उस्मानियातील उर्दूचे प्राध्यापक वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या परिभाषाविषयक ग्रंथात दुसऱ्या मार्गाचे समर्थन केले. मराठीत संस्कृतोद्भव शब्द आणि रूढ बोलीतील शब्द यांच्यासंबंधी जो वाद वारंवार होत आला आहे, त्याचेच हे उर्दू रूप होते.

अर्थशास्त्रातील एक उदाहरण येथे पाहण्यासारखे आहे. मागणी व पुरवठा या जोडीसाठी उर्दूत 'तलब व रसद' हे शब्द रूढ झाले. 'रसद' हा शब्द मराठीसही परका नाही. लष्कराच्या तळाला पोहोचणारी धान्यसामग्री, असा त्याचा अर्थ मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांस ठाऊक असतो. म्हणजे विद्यार्थ्याने हा शब्द ऐकताच त्याच्या मनात एक चित्र उभे राही. माल कोठून तरी यावा लागतो, त्याला वाट लागते, वाट अडली तर भाव चढतात. असा शब्द केवळ संज्ञा देत नाही, तर विचार करण्यास आधार देतो. याउलट अर्थशास्त्रासाठी 'मआशियात', समाजशास्त्रासाठी 'इमरानियात' यांसारखे शब्द अरबी न जाणणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजी शब्दांइतकेच पाठ करावे लागत. परिभाषा स्वदेशी असली म्हणजे ती आपोआप सुबोध होते असे नाही, हा पहिला धडा येथे मिळतो.

इतिहासाचे अध्ययन

मानव्यविद्यांपैकी इतिहास या विषयाला उस्मानियात अनुकूल भूमी लाभली होती. दख्खनचा मध्ययुगीन इतिहास फार्सी तवारिखा, मराठी कागदपत्रे, तेलुगू व कन्नड शिलालेख यांत विखुरलेला आहे. यांपैकी एकाच भाषेवर विसंबून राहणाऱ्या अभ्यासकाला त्या इतिहासाची एकच बाजू दिसते. इतिहास व राज्यशास्त्राचे प्राध्यापक हारून खान शेरवानी यांनी बहमनी राज्याचा आणि त्याचा वजीर महमूद गावान याचा सखोल अभ्यास केला. पुढे १९७३-७४ मध्ये मध्ययुगीन दख्खनचा दोन खंडांतील इतिहास प्रसिद्ध झाला; त्याचे संपादन शेरवानी आणि मुंबईचे इतिहासकार पु. म. जोशी यांनी संयुक्तपणे केले होते. फार्सी साधनांचा एक अभ्यासक आणि महाराष्ट्रातील एक संशोधक यांचे हे सहकार्य विषयाच्या स्वरूपातूनच निर्माण झालेले होते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने यातून एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. अध्ययनाचे माध्यम एक असू शकते, परंतु साधनांची भाषा क्वचितच एक असते. ज्याला केवळ माध्यमभाषा येते तो इतरांच्या भाषांतरांवर अवलंबून राहतो, आणि भाषांतरकाराने जेथे अडखळून एखादा पर्यायी शब्द योजला असेल तेथे तोही नकळत अडखळतो.

गाव, शेत आणि शब्द

सामाजिक शास्त्रांत हीच अडचण अधिक ठळकपणे जाणवते, कारण तेथे साधने कागदावर नसून माणसांच्या बोलण्यात असतात. निजाम महाविद्यालयातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक एस. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये संस्थानातील खेड्यांची आर्थिक पाहणी केली. धारणक्षेत्र, पिके, कर्ज, व्याज यांचे आकडे गोळा करावयाचे तर शेतकऱ्याला त्याच्या भाषेत प्रश्न विचारणे अपरिहार्य असते. तेलंगणातील 'वेठी' आणि कर्जापोटी मालकाकडे बांधला गेलेला 'भगेला' यांसाठी 'बिनमोल श्रम' किंवा 'ऋणबद्ध मजूर' असे शब्द योजता येतील. परंतु त्या शब्दांत जमीनदाराचा दरारा, जातीची उतरंड आणि पिढ्यान्‌पिढ्यांची अगतिकता सामावत नाही.

१९५१-५२ च्या सुमारास उस्मानिया विद्यापीठाने सामाजिक सेवा-विस्ताराचा एक उपक्रम हाती घेतला. निरनिराळ्या विद्याशाखांतील अध्यापक व विद्यार्थी खेड्यात जाऊन काम करीत. समाजशास्त्रज्ञ श्यामाचरण दुबे यांनी याच उपक्रमाच्या आधारे हैदराबादनजीकच्या शामीरपेट या गावाचा अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९५५ साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला आणि भारतीय ग्रामसमाजाच्या आरंभीच्या महत्त्वाच्या अध्ययनांत त्याची गणना होऊ लागली. दुबे हे हिंदी भाषिक, गावातील बहुसंख्य लोक तेलुगू बोलणारे, काही घरांत उर्दू, आणि ग्रंथ इंग्रजीत. एका गावाचे चित्र अशा रीतीने चार भाषांच्या चाळणीतून वाचकापर्यंत पोहोचले.

या प्रवासात कोठे सावध राहावे लागते, हे एका साध्या प्रश्नावरून कळू शकेल. 'तुमच्या कुटुंबात माणसे किती?' असे विचारल्यावर एखादा शेतकरी एका चुलीवर जेवणाऱ्यांची संख्या सांगेल. दुसरा शहरात कामास गेलेल्या भावासही मोजील, कारण जमीन अजून एकत्र आहे. तिसरा सासरी गेलेल्या मुलीस वगळील, परंतु बाळंतपणासाठी माहेरी आलेली असल्यास तिला धरील. प्रश्नपत्रिकेतील रकाना मात्र एकच असतो. चूल, घर, भावकी आणि कुटुंब हे चार शब्द ज्याला वेगळे ऐकू येतात, त्यालाच हे उत्तर कोणत्या अर्थाने दिले आहे हे कळते. आकडेमोडीची सर्व शुद्धता यानंतरची गोष्ट आहे.

दोन नाणी, दोन वह्या

वाणिज्याच्या अध्ययनास भाषेशी काय कर्तव्य, असा प्रश्न सहज मनात येतो. जमाखर्च हा अखेर अंकांचा व्यवहार आहे. परंतु हैदराबाद संस्थानातील व्यापार पाहिला म्हणजे हे मत टिकत नाही. संस्थानाचे स्वतःचे नाणे होते. त्यास 'हाली सिक्का' म्हणत. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया 'कलदार' या नावाने ओळखला जाई. सात हाली रुपये म्हणजे स्थूलमानाने सहा कलदार, असा त्यांचा विनिमय असे. नांदेड अथवा परभणीकडील व्यापाऱ्याने शेतकऱ्याकडून ७०० हाली रुपयांचा कापूस घेतला व तो मुंबईस ६३० कलदारांस विकला, तर वाहतूक व अडत सोडल्यास त्याचा नफा किती? केवळ आकडे पाहणाऱ्याला येथे ७० रुपयांचा तोटा दिसेल. वास्तविक ७०० हाली म्हणजे ६०० कलदार. म्हणून त्याला ३० कलदारांचा लाभ झालेला आहे.

शिवाय बाजारातील चोपड्या विद्यापीठाच्या भाषेत लिहिल्या जात नव्हत्या. मराठी मुलखातील व्यापारी मोडीत लिहीत, मारवाडी पेढ्यांची आपली लिपी व रीत होती, तेलंगणातील कोमटी तेलुगूत हिशेब ठेवीत. रोजमेळ, खतावणी, हुंडी, कसर, अडत या शब्दांमागे शतकांचा व्यवहार उभा होता. वाणिज्याचा पदवीधर जर या चोपड्या वाचू शकला नाही, तर त्याला सरकारी कचेरीत जागा मिळे, परंतु पेढीवर त्याचा उपयोग नसे. विद्यापीठातील वाणिज्य आणि बाजारातील व्यापार यांत पडलेले हे अंतर केवळ हैदराबादपुरते नव्हते. आज तेथे वाणिज्य व व्यवसाय व्यवस्थापनाचे स्वतंत्र विद्यापीठीय महाविद्यालय आहे, हिशेब संगणकावर ठेवले जातात आणि हाली सिक्का इतिहासजमा झाला आहे. तरीही लहान दुकानदाराची उधारी, भिशी आणि नातेसंबंधांवर चालणारी पत ही पाठ्यपुस्तकातील व्याख्यांत सहसा सापडत नाहीत. त्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास अजूनही प्रथम त्या व्यवहाराची भाषाच शिकावी लागते.

मार्लावाईची शाळा

शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने हैदराबाद संस्थानातील सर्वांत बोधप्रद घटना विद्यापीठाच्या भव्य इमारतीपासून दूर, आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लावाई या गोंड खेड्यात घडली. जंगल व जमीन यांवरील हक्क हिरावले गेल्यामुळे त्या भागातील गोंडांनी कोमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली उठाव केला. १९४० साली भीम मारले गेले. असंतोषाची कारणे शोधण्यासाठी संस्थानने मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांची मदत घेतली. पुढे त्यांनी उस्मानिया विद्यापीठात मानवशास्त्राचे अध्यापनही केले.

त्यांच्या शिफारशींतून १९४३ साली गोंड शिक्षण योजना सुरू झाली. पहिली अडचण शिक्षकांची होती. बाहेरून नेमलेला शिक्षक गोंडी जाणत नसे आणि त्या रानात टिकत नसे. म्हणून जुजबी अक्षरओळख असलेल्या गोंड तरुणांनाच मार्लावाईस आणून शिक्षक म्हणून तयार करण्यात आले. दुसरी अडचण पुस्तकांची होती. गोंडी भाषेतील वाचनपुस्तके तयार करण्यात आली आणि त्यांसाठी देवनागरी लिपी निवडण्यात आली. आदिलाबादचा हा भाग मराठी मुलखास लागून असल्यामुळे ही लिपी तेथे अपरिचित नव्हती. संस्थानच्या सेवेतील अधिकारी व पुढे इतिहासकार म्हणून ख्यातनाम झालेले सेतुमाधवराव पगडी यांनीही गोंडी भाषा आत्मसात करून तिच्यासंबंधी लेखन केले.

या योजनेचे मर्म असे की, मुलाला शाळेत येण्यासाठी आपली भाषा दाराबाहेर ठेवावी लागली नाही. तो प्रथम स्वतःच्या भाषेत वाचावयास शिकला. राज्यातील इतर भाषा त्यानंतर आल्या. अध्यापनशास्त्राचे ग्रंथ 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र सांगतात. मार्लावाईस त्याचे प्रत्यक्ष आचरण झाले. आणि येथेच उस्मानियाच्या मूळ कल्पनेतील विसंगतीही उघड होते. गोंड बालकास लागू असलेले तत्त्व बीडच्या मराठी किंवा वरंगळच्या तेलुगू विद्यार्थ्यास महाविद्यालयात लागू का नसावे?

कोणाची मातृभाषा?

१९३१ च्या जनगणनेनुसार हैदराबाद संस्थानातील जवळजवळ निम्मे लोक तेलुगू भाषिक होते. मराठी भाषिक सुमारे चतुर्थांश, तर कन्नड भाषिक दहाव्या भागाहून थोडे अधिक होते. उर्दू मातृभाषा असणाऱ्यांचे प्रमाणही दहाव्या भागाच्या आसपास होते. नागरी जीवनात व कारभारात उर्दू सर्वत्र चालत असे, हे खरे. तथापि औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी आणि उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांतील खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्याला उर्दू ही शिकूनच घ्यावी लागे. परकीय भाषेचे ओझे दूर करण्यासाठी स्थापन झालेल्या विद्यापीठात बहुसंख्य प्रजेच्या मुलांवर दुसऱ्या एका भाषेचे ओझे पडले. ती भाषा देशी होती, परंतु त्यांची नव्हती. शिवाय राज्यसत्तेची भाषा तीच असल्यामुळे तिच्याविषयीची अढी ही केवळ शैक्षणिक राहिली नाही.

ही अस्वस्थता १९३८ च्या अखेरीस प्रकट झाली. औरंगाबाद आणि हैदराबाद येथील वसतिगृहांतील विद्यार्थी प्रार्थनेच्या वेळी 'वंदे मातरम्' म्हणू लागले. अधिकाऱ्यांनी त्यास मनाई केली. विद्यार्थ्यांनी माघार घेण्यास नकार दिल्यावर त्यांना मोठ्या संख्येने काढून टाकण्यात आले. शिक्षण तुटलेल्या या तरुणांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही या चळवळीत सहभागी होते व त्यांनी नागपुरास येऊन आपले शिक्षण पुढे चालविले. या स्थलांतरामुळे दृढ झालेले त्यांचे मराठीशी नाते कायम राहिले. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो?' या कादंबरीचे तेलुगू भाषांतर त्यांनीच केले.

माध्यमाचा बदल आणि त्यानंतर

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर अल्पावधीतच उस्मानियातील माध्यम उर्दूऐवजी इंग्रजी झाले. हा निर्णय तत्कालीन परिस्थितीत समजण्याजोगा होता. तीन प्रमुख भाषांच्या राज्यात त्यांपैकी एकीची निवड करणे कठीण होते. तिन्ही भाषांतून एकाच वेळी उच्च शिक्षण देण्यास लागणारे ग्रंथ व अध्यापक उपलब्ध नव्हते. परंतु या बदलाची किंमतही लहान नव्हती. तीस वर्षांच्या परिश्रमाने घडविलेली परिभाषा वर्गातून बाहेर पडली. भाषांतरित ग्रंथ ग्रंथालयांच्या कपाटांत राहिले, पण त्यांचे वाचक उरले नाहीत. आणि खेड्यातून येणाऱ्या मराठी वा तेलुगू विद्यार्थ्याच्या दृष्टीने पाहिल्यास एक परकी भाषा गेली व तिच्या जागी दुसरी आली. त्याच्यापुढील भिंतीची उंची कमी झाली नाही.

मराठवाड्यात याच सुमारास एक नवा अध्याय सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादेस महाविद्यालय स्थापन केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. प्रारंभी ते उस्मानिया विद्यापीठाशीच संलग्न होते. ज्यांच्या घराण्यात पूर्वी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, असे विद्यार्थी येथे मानव्यविद्यांच्या वर्गात येऊन बसू लागले. १९५३ साली उस्मानिया विद्यापीठाने आंबेडकरांना सन्माननीय डॉक्टरेट अर्पण केली. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि १९५८ साली औरंगाबादेस स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. १९९४ पासून त्याच्या नावात आंबेडकरांचे नाव आहे.

प्रादेशिक भाषांतून उच्च शिक्षण देण्याचा प्रश्न यानंतर देशपातळीवर पुन्हा आला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) त्यास अनुकूल मत दिले आणि १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही ते स्वीकारले. राज्याराज्यांतून विद्यापीठीय ग्रंथनिर्मितीसाठी मंडळे स्थापन झाली. हैदराबादेस १९६८ मध्ये तेलुगू अकादमी स्थापन झाली. त्याच शहरात १९८२ मध्ये देशातील पहिले मुक्त विद्यापीठ सुरू झाले; आज ते डॉ. बी. आर. आंबेडकर यांच्या नावाने ओळखले जाते. १९९८ मध्ये उर्दू माध्यमाचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठही हैदराबादेसच स्थापन झाले. २०२० च्या शिक्षण धोरणाने भारतीय भाषांतून उच्च शिक्षणाचा पुरस्कार पुन्हा केला आहे. म्हणजे १९१७ साली विचारलेला प्रश्न शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही.

विद्यार्थ्यासाठी निष्कर्ष

उस्मानियाच्या अनुभवावरून काही गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. पहिली अशी की, भारतीय भाषेतून कोणताही विषय उच्चतम पातळीवर शिकविता येतो. परंतु त्यासाठी ग्रंथांचा ओघ अखंड राहावा लागतो. एकदा भाषांतर करून थांबल्यास दहा-वीस वर्षांत पाठ्यपुस्तके शिळी होतात. दुसरी अशी की, भाषा देशी असणे पुरेसे नाही. ती शिकणाऱ्याची असावी लागते. तिसरी अशी की, स्वभाषेतून शिकणाऱ्यानेही दुसरी एखादी विस्तृत ज्ञानभाषा अवगत केली पाहिजे. उस्मानियाने इंग्रजी आवश्यक ठेवली होती, ती याच समजुतीने. चौथी गोष्ट नोकरीसंबंधीची आहे. ज्या भाषेत पदवी मिळते त्या भाषेला कचेरीत, न्यायालयात व बाजारात मान नसेल, तर गरीब पालक आपल्या मुलास त्या वर्गात पाठविणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही.

माध्यमाचा निर्णय विद्यार्थ्याच्या हातात नसतो. तथापि अध्ययनाची रीत त्याच्या हातात असते. मानव्यविद्या, वाणिज्य, शिक्षण किंवा सामाजिक शास्त्रे शिकणाऱ्याने एक वही वेगळी ठेवावी. तिच्या डाव्या बाजूस ग्रंथातील संज्ञा लिहावी. उजव्या बाजूस त्याच गोष्टीसाठी आपल्या घरात, गावात वा बाजारात वापरला जाणारा शब्द लिहावा. जेथे दोन्ही शब्द तंतोतंत जुळतील तेथे पुढे जावे. जेथे जुळणार नाहीत तेथे थांबून, ग्रंथातील संज्ञेत काय सुटले आणि लोकांच्या शब्दात काय अधिक आहे, हे दोन-तीन ओळींत नोंदवावे. पाहणीस गेल्यास उत्तर देणाऱ्याचे वाक्य त्याच्याच भाषेत प्रथम उतरवून घ्यावे. भाषांतर नंतर करावे. उजवीकडचा रकाना कोराच राहिला तर ती संज्ञा अद्याप समजलेली नाही असे समजून तिच्याकडे पुन्हा वळावे.

ज्याच्या घरात पूर्वी पुस्तके नव्हती, अशा विद्यार्थ्यास महाविद्यालयात आल्यावर पुष्कळदा असे वाटते की आपल्याजवळ काहीच नाही आणि सर्व ज्ञान समोरच्या ग्रंथात आहे. वहीचा उजवा रकाना भरू लागला म्हणजे त्याची ही समजूत हळूहळू दूर होते. बलुत्याची रीत, सावकाराच्या व्याजाचा हिशेब, आजीच्या तोंडची नातेसंबंधांची नावे हे सर्व ज्या शास्त्रांचा तो अभ्यास करीत आहे त्यांचेच साहित्य आहे, हे त्यास कळून येते. शिकविणाऱ्याने या रकान्याला वर्गात स्थान द्यावे आणि परीक्षा घेणाऱ्याने त्याला गुण द्यावेत. विद्यापीठीय महाविद्यालयात हे दोघे एकच असल्यामुळे तेथे ही गोष्ट साध्य होण्यास अडचण असू नये.